हाकेच्या अंतरावर

पुंता अरेनासच्या इस्पितळात माझी खुर्ची
खांबाआड, कॉफीच्या मशीनशेजारी.
मांडीवर तक्ता, गळ्यात स्टॉपवॉच.
दारातून आत आले: वेळ.
नर्सनं पाहिलं: वेळ.
डॉक्टरांनी पाहिलं: वेळ.
मधल्या रिकाम्या जागेला आम्ही प्रतीक्षा म्हणतो
आणि मिनिटांत मोजतो.

जुलै आहे. दहा वाजेस्तोवर उजाडत नाही इथं.
वारा असा, की चौकात दोर बांधलेत
माणसांनी धरून चालावं म्हणून.
दार उघडलं की पहिला तोच आत येतो,
नाव न नोंदवता.

खेकड्यांच्या कारखान्यातला पोरगा, अंगठा टॉवेलात.
मेंढ्या कातरणारे दोघे,
एकाला ताप, दुसरा सोबतीला, खोकतायत दोघंही.
एक बाई. मूल केव्हाच झोपलंय,
ती अजून डोलतेच आहे.

तक्त्यात शेवटचा रकाना:
न तपासता निघून गेले.
त्या सहा आठवड्यांत एकतीस.
एकतिसावी एदुविना मान्सिया,
वय एकाहत्तर, छातीत जडपणा.
दोन चाळीसला पुकारलं. तीनदा.
फुली मीच मारली.

चौथ्या दिवशी फोन. अभ्यासाचा तो भागच होता,
ठरलेले सात प्रश्न.
पहिला: आपण का गेलात?
पलीकडे रेडिओ चालू होता, मग बंद झाला.
"मी कुठं गेले?
सहा वाजेपर्यंत हीटरखाली बसून होते.
उजव्या कानानं ऐकू येत नाही मला,
डबाबंदीच्या यंत्रांनी खाल्ला तो.
सकाळी मुलानं दुसरीकडे नेलं.
झटका होता म्हणे, लहानसा.
गेलात ते तुम्ही."

उरलेले सहा प्रश्न मी विचारले नाहीत.
नोंद बदलायची परवानगी नसते.
फुलीशेजारी, समासात, पेन्सिलीनं लिहिलं:
इथंच होती.

त्या रात्री टेप घेऊन गेले.
दार ते हीटरखालची खुर्ची, सतरा मीटर साठ.
हाकेच्या अंतरावर, असं सहज म्हणतो आपण.
पण कुणाच्या हाकेच्या? कुठल्या कानाच्या?
हीटर घरघरतो, मशीन नाणी गिळतं,
दारात उभा राहून रुबेन ओरडतो
आणि नाव नवव्या खुर्चीपाशीच
दमून बसतं.

प्रस्ताव दोन वाक्यांचा.
ओरडू नये. चालत जावं.
विभागप्रमुख आल्देरेतेबाईंनी विचारलं, किती सेकंद?
बावीस, मी म्हणाले.
"रात्रीला ऐंशी रुग्ण,"
त्या कागदाच्या कडेला गुणाकार करू लागल्या,
"अर्धा तास. अर्ध्या तासात
मी एक बंद पडलेलं हृदय चालू करते."
तेही खोटं नव्हतं.
बराच वेळ पेन हवेतच होतं.
मग सही केली.

सहा आठवड्यांनी एकतिसांचे एकोणीस झाले.
संख्याशास्त्र म्हणतं, एवढा फरक योगायोगानंही पडतो,
आणखी मोजा.
मोजतेय.
एकोणिसांपैकी अकरांना फोन लागला.
कुणाची शेवटची बस होती,
कुणाचा कुत्रा कोंडलेला,
एक म्हणाला, माझ्याहून वाईट माणसं पाहिली
आणि लाज वाटली.
याला रकाना नाही. पाडावा लागेल.

रुबेनचे गुडघे दुखतात. माझ्या नावानं कुरकुरतो
पण जातो, खुर्चीपुढं वाकतो.
काल पहाटे चार दहाला एक म्हातारा,
टोपी डोळ्यांवर, नाव कानाशी ऐकून दचकला,
ताडकन उभा राहिला
आणि शाळेतल्यासारखा म्हणाला, "हजर!"
डोलणारी बाई हसली. मूल जागं झालं.

मी वेळ टिपली.
दार उघडलं, वारा आत आला,
मागोमाग कुणीतरी,
दोर धरून धरून गारठलेले हात.
नवी ओळ.